साहेबांनी विचारलंच नाही

"ताई, मी एका तालुक्यात पक्षाचा सरचिटणीस आहे. आघाडीतला पक्ष. नाव लिहीत नाही, तुम्हीही विचारू नका. वय ४६, कृषी सेवा केंद्र आहे, साडेतीन एकर ऊस आहे. बावीस वर्षं पक्षात आहे, सतरंज्या उचलण्यापासून सुरुवात केली. लोकसभेला गावातल्या तीन बूथवर मिळून आम्ही ३१२ मतांनी पुढं होतो. विधानसभेला त्याच बूथवर १८७ मतांनी मागं पडलो. समोरच्यांनी उधळलेला गुलाल माझ्या दुकानाच्या पत्र्यावर पावसाळ्यापर्यंत तसाच होता. बूथचा खर्च वरून आलाच नाही, म्हणून खिशातले पंच्याऐंशी हजार घातले. निकालानंतर साहेबांना अकरा वेळा फोन केला. पीए म्हणतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. महिन्याभरानं मंगल कार्यालयात चिंतन बैठक झाली. दोन तास सत्कार आणि भाषणं. आम्हाला सांगितलं, काय म्हणायचं ते लिहून द्या. मी दोन पानं लिहून नेली होती. निरीक्षकांनी ती घडी घालून खिशात टाकली आणि जेवायला बसले. पुढं काही नाही. आता पलीकडच्या पक्षाचा माणूस रोज दुकानात येऊन बसतो, जिल्हा परिषदेचं तिकीट देतो म्हणतो. बायको म्हणते, आता बास करा. तिनंही लाडक्या बहिणीचा फॉर्म भरलाय. खरं सांगू का, बायकांनी दीड हजारात मतं विकली आणि आमचे नेते बघत बसले. रात्री झोप लागत नाही. थांबू, जाऊ, की घरी बसू?"

दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पराभवाचं पत्र वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या दोन पानांपाशी थांबले. बावीस वर्षांत तुम्ही हरलेल्या निवडणुका याआधीही पाहिल्या असतील. हरल्यावर माणूस चार दिवस जेवत नाही, पाचव्या दिवशी दुकान उघडतो. तुमची झोप उडालीय ती त्या घडी घातलेल्या कागदामुळं. तुम्हाला माहीत होतं काय झालं ते, तुम्ही ते लिहून नेलंत, आणि ज्यानं विचारायला हवं होतं त्यानं विचारलंच नाही. हा अपमान आहे, आणि त्याचा राग येणं रास्त आहे. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका.

नेतृत्व कमकुवत आहे असं म्हणताना आपल्याकडं लोक भाषणाचं बोलतात, आक्रमकतेचं बोलतात, दिल्लीत वजन किती ते बोलतात. माझं मत वेगळं आहे. पडलेल्या निवडणुकीनंतर जो नेता बूथवरच्या माणसाला समोर बसवून "काय झालं ते सांग" म्हणू शकत नाही, तो कमकुवत. मग तो सभेत कितीही गरजो. तुमचा पक्ष कोणता ते मी विचारत नाही, आणि विचारायची गरजही नाही. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीला राज्यात ४८ पैकी ३० जागा मिळाल्या होत्या. सहा महिन्यांच्या आत, २३ नोव्हेंबर २०२४ ला, ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६ आणि पवारांची राष्ट्रवादी १० वर आली. तिघे मिळून ४६. विरोधी पक्षनेतेपदावर हक्क सांगायला २९ आमदार लागतात असा संकेत आहे, तेवढे एकाही पक्षाकडं उरले नाहीत. एवढं मोठं घर कोसळल्यावर दगड-विटा मोजायला कुणीतरी गावोगाव फिरायला हवं होतं. तिन्हीपैकी कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्याशी बोला, तुमच्याच पत्राची दुसरी प्रत ऐकायला मिळते.

एकट्या काँग्रेसचं उदाहरण घेते, कारण त्यांचा इतिहास सगळ्यांसमोर आहे. १९९० साली या पक्षाचे राज्यात १४१ आमदार होते. २००९ ला ८२, २०१४ ला ४२, २०१९ ला ४४ आणि आता १६. १९८५ पासून संगमनेर राखणारे बाळासाहेब थोरात पडले, कऱ्हाड दक्षिणेत माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण पडले, आणि तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले साकोलीत जेमतेम २०८ मतांनी वाचले. नवे प्रदेशाध्यक्ष हर्षवर्धन सपकाळ यांची नेमणूक झाली ती फेब्रुवारीच्या मध्याला. निकालानंतर जवळजवळ तीन महिने. त्या तीन महिन्यांत गावातला माणूस कुणाकडं बघणार होता?

कारणं शोधायला समित्या नेमल्या नाहीत असंही नाही. २०१४ च्या लोकसभेत ४४ जागांवर आल्यावर ए. के. अँटनींची समिती नेमली, तिनं अहवाल दिला, तो लोकांपुढं कधीच आला नाही. मे २०२१ मध्ये बंगाल, आसाम, केरळमधल्या पराभवांची कारणं शोधायला पाच जणांचा गट केला. त्याचे प्रमुख होते आपले अशोक चव्हाण. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते स्वतःच भाजपमध्ये गेले. हे मी कुणाला टोचायला लिहीत नाही. पराभवाची कारणं ज्याच्या हाती सोपवली तोच माणूस निघून गेला, तर खालच्या कार्यकर्त्यानं त्या कागदांचं काय करायचं, हा प्रश्न मला खरोखर छळतो. २०१९ ला राहुल गांधींनी "पराभवाची जबाबदारी माझी" असं जाहीर पत्र लिहून अध्यक्षपद सोडलं, ते मला आवडलं होतं. पण त्यानंतर निवडून आलेला अध्यक्ष मिळायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. जबाबदारी घेतली, आणि खुर्ची तीन वर्षं हंगामी अध्यक्षांवरच राहिली.

दुसऱ्या बाजूचंही सांगते, कारण तुम्हाला रोज दुकानात तिकडचंच कौतुक ऐकावं लागत असणार. १९८४ ला भाजप लोकसभेत दोन जागांवर आला होता. खुद्द वाजपेयी ग्वाल्हेरमध्ये माधवराव शिंद्यांकडून हरले. त्यांनी पराभवाची जबाबदारी स्वतःवर घेतली, आणि पक्षानं कृष्णलाल शर्मा यांच्या नेतृत्वाखाली एक कार्यगट नेमला. आपला आधीचा जनसंघ जनता पक्षात विसर्जित केला ते चुकलं का, असे बोचणारे प्रश्न तेव्हा त्या पक्षात विचारले गेले. १९८९ ला ते ८५ वर गेले. त्यामागं पुष्कळ कारणं होती, काही मला अजिबात पटणारी नाहीत. पण हरल्यावर आपल्याच माणसांना अवघड प्रश्न विचारायची लाज त्यांना वाटली नाही, एवढं मानायला हवं.

आता दादा, थोडं कडू बोलते.

"बायकांनी दीड हजारात मतं विकली." हे वाक्य तुम्ही बायकोचा उल्लेख केल्यावर लगेच पुढच्या ओळीत लिहिलंय. तुम्ही वहिनींना विचारलंत का, फॉर्म का भरला? त्या पैशांचं काय केलं? मत कुणाला दिलं हे विचारू नका, तो त्यांचा हक्क आहे. पण पहिल्यांदा स्वतःच्या नावावर खात्यात पैसे आले तेव्हा काय वाटलं, एवढं तरी विचारलंत? तुमच्या आघाडीनंही महालक्ष्मी योजनेत महिन्याला तीन हजार द्यायचं कबूल केलं होतं. मग दीड हजार घेतले की मत विकलं, आणि तीन हजारांच्या आशेनं दिलं असतं तर ते काय झालं असतं? ऑगस्टपासून खात्यात पडत असलेल्या पैशांवर बाईनं विश्वास ठेवला आणि जाहीरनाम्यातल्या आकड्यावर ठेवला नाही, यात तिचं काय चुकलं? साहेबांनी तुम्हाला विचारलं नाही म्हणून तुम्ही सहा महिने जळताय. तुम्ही गावातल्या अर्ध्या मतदारांना न विचारताच निकाल देऊन मोकळे झालात.

माझे वडीलही कार्यकर्ते होते. पक्षाचं नाव मीही सांगत नाही. १९८५ ला त्यांचा उमेदवार पडला तेव्हा मी सातवीत होते. घरी सुतकासारखं वातावरण. आठवडा गेला आणि त्यांनी मतदार यादी काढली, लाल-निळी पेन्सिल घेतली, एक दोनशे पानी वही घेतली आणि संध्याकाळी वस्तीवस्तीनं फिरायला लागले. मी कंदील धरून बरोबर असायचे. दारात बसायचे आणि विचारायचे, "आमचं काय चुकलं?" पहिल्या दिवशी सगळ्यांनी सांगितलं, आम्ही तुम्हालाच मत दिलं. वडील नुसते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत जायचे. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी एका म्हाताऱ्या बाईनं जोंधळा पाखडता पाखडता सांगितलं, "मत मागाया आलात तवा माझ्या मालकाशी बोललात. मत माझं हुतं." वडिलांनी ते तसंच लिहून घेतलं, तिच्या शब्दांत. ती वही अजून माझ्याकडं आहे. पुढच्या निवडणुकीत ते आधी चुलीपाशी जायचे, मग ओट्यावर.

तेव्हा माझं पहिलं म्हणणं असं की, ते मंगल कार्यालय विसरा आणि तुमच्या तीन बूथची चिंतन बैठक तुम्हीच घ्या. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्याकडं मतदानाच्या दिवशी मिळालेले सतरा-सी, म्हणजे बूथवर किती मतदान झालं त्याचे फॉर्म, असतील. बूथनिहाय मतांचा फॉर्म २० राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो, लोकसभेचा आणि विधानसभेचा दोन्ही. शेजारी शेजारी ठेवून बघा. ३१२ ची आघाडी जाऊन १८७ ची पिछाडी म्हणजे जवळजवळ पाचशे मतांचा फरक. तो तिन्ही बूथवर सारखा आहे की एकाच बूथवर सांडलाय? तुमची मतं कमी झाली, की तुमची तेवढीच राहिली आणि समोरच्यांची वाढली? या दोन गोष्टींची औषधं वेगवेगळी आहेत. मतदान वाढलं असेल तर ते कोणत्या वस्तीतून आलं ते पोलिंग एजंटांना आठवत असतं. दुपारी चारनंतर रांगेत कोण उभं होतं हे जेवढं त्यांना माहीत, तेवढं मुंबईतल्या कुणालाच माहीत नाही.

मतदान यंत्रांबद्दल आणि मतदार याद्यांबद्दल तुम्ही पत्रात काही लिहिलं नाहीत, पण तालुक्यात ते बोलणं चालू असणारच. लोकसभेला राज्यात साधारण ९ कोटी २९ लाख मतदार होते, विधानसभेला ९ कोटी ७० लाख झाले. एवढी वाढ एवढ्या थोड्या दिवसांत कशी, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे आणि विचारणाऱ्याला वेड्यात काढू नये. पण तो दिल्लीच्या पत्रकार परिषदेत जितका विचारायचा तितकाच गावातही विचारायचा. तुमच्या तीन बूथच्या दोन्ही याद्या घ्या, नवीन नावांवर खुणा करा, घरोघर जा. माणसं खरी असतील तर ती कोण, कुठून आली, तुम्हाला का भेटली नाहीत ते कळेल. खोटं नाव सापडलं तर फॉर्म ७ भरून हरकत घ्या, पोच ठेवा. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीनं गावचा आकडा पटला नाही म्हणून डिसेंबरमध्ये मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनानं ते होऊ दिलं नाही. तिथला आघाडीचा उमेदवार तर निवडून आला होता. तरी गावानं आपला आकडा बघितला, त्यावर चर्चा केली. ती सवय मला फार मोलाची वाटते.

आपल्या बाजूच्या भांडणांचंही एक पान वहीत ठेवा. कोल्हापूर उत्तरमध्ये अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या अधिकृत उमेदवारानं माघार घेतली. सोलापूर दक्षिणमध्ये मतदानाच्या दिवशीच काँग्रेसच्या नेत्यांनी ठाकरेंच्या उमेदवाराऐवजी अपक्षाला पाठिंबा जाहीर केला. हे टीव्हीवर दिसलं. तुमच्या तालुक्यात मित्रपक्षाच्या किती कार्यकर्त्यांनी तुमच्यासाठी चिठ्ठ्या वाटल्या आणि तुम्ही त्यांच्यासाठी किती वाटल्या असत्या, हे मात्र कुठल्याच टीव्हीवर दिसणार नाही. खरं लिहा.

हे सगळं चार पानांत आणा. शेवटी एवढंच मागा: तालुक्यातल्या बूथप्रमुखांची बैठक, जिथं भाषणं नसतील आणि आधी खालचे बोलतील, आणि जिल्हा परिषदेची तिकिटं कशी ठरणार ते लेखी. जिल्हाध्यक्ष, प्रदेशाध्यक्ष आणि तुमचे साहेब, तिघांना स्पीड पोस्टानं पाठवा. व्हॉट्सअॅपवर टाकू नका. तिथं पत्राचं पाच मिनिटांत भांडण होतं आणि मग उत्तर न द्यायला वरच्यांना निमित्त मिळतं. दीड महिना वाट बघा. उत्तर आलं तर कामाला लागा. नाही आलं तर सरचिटणीसपदाचा राजीनामा लिहून द्या, कारणासह. पक्ष सोडायचा की नाही ते नंतर. आधी पद सोडून बघा. बावीस वर्षांत तुम्ही पदाशिवाय किती दिवस राहिलात? त्या मोकळ्या दिवसांत तुम्हाला कळेल की तुम्ही विचारासाठी तिथं होतात, साहेबांसाठी, की लोक "सरचिटणीस आले" म्हणतात त्यासाठी. तिन्ही कारणं माणसाला असतात. कोणतं किती आहे ते माहीत असलेलं बरं.

त्या दुकानात येऊन बसणाऱ्या माणसाचं बोलू. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ ला चार महिन्यांत स्थानिक निवडणुका घ्यायला सांगितलं, तेव्हापासून अशी माणसं सगळीकडं फिरू लागली. पण दादा, जिल्हा परिषदेचे गट, म्हणजे मतदारसंघ, कसे पडणार आणि आरक्षण काय निघणार हे जाहीर होईपर्यंत कुणालाच माहीत नसतं. तुमचा गट महिलांसाठी राखीव निघाला तर तो काय देणार? आज तिकिटाचा शब्द देणारा माणूस त्याच्याकडं नसलेली वस्तू देतोय. दुसरं असं की, तिथंही कुणीतरी बावीस वर्षं सतरंज्या उचलल्या असतील. तुम्ही जाऊन त्याच्या पानावर जेवायला बसलात तर तो रात्री जागणार, आणि तुमच्यासारखंच पत्र लिहिणार. विचार पटून गेलात तर मी तुम्हाला अडवणारी कोण? माणसं पक्ष बदलतात, मनापासूनही बदलतात. मग तसं गावात उभं राहून सांगा, आणि पहिलं वर्षभर काही मागू नका. हे जमणार नसेल तर त्याला चहा पाजा आणि विषय बियाण्याच्या भावावर न्या.

पंच्याऐंशी हजारांचं मला वाईट वाटलं. उसाच्या बिलातले असणार. उमेदवाराचा खर्च ४० लाखांच्या मर्यादेत आणि हिशोबात दाखवावा लागतो, तुमच्या खिशातून असा परस्पर गेलेला पैसा कुठल्याच वहीत बसत नाही. उमेदवाराला एकदा समोरासमोर मागा, न रागावता मागा, आकडा सांगून मागा. दिले तर घरात द्या. नाही दिले तर ते गेले असं समजा आणि वहिनींना तोंडानं सांगा की यापुढं निवडणुकीत घरचा पैसा घालणार नाही. त्यांच्या "आता बास" मध्ये तो पैसा किती आणि तुमची काळजी किती, हे तुम्हाला त्याशिवाय कळायचं नाही.

घरी बसू का, असंही विचारलंत. बसा की, थोडे दिवस. थकलेल्या माणसानं बसावं. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले हे सगळ्यांना माहीत असतं, पण १९७२ ला आणि १९९५ ला ते हरलेही होते. दोन्ही वेळा लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. त्यांचा शेतकरी कामगार पक्ष तोच, लाल बावटा तोच, आणि राज्यात तो पक्ष तर आकसतच चालला होता. वरचं नेतृत्व भक्कम असण्याची वाट बघत ते बसले नाहीत. तुम्ही काही आमदार नाही, पण तीन बूथ तुमचे आहेत. तिथल्या माणसांना तुम्ही बियाणं उधार देता, त्यांच्या पोरांच्या लग्नाला जाता. ते नातं कुठल्या साहेबानं तुम्हाला दिलेलं नाही.

वही आणाल तेव्हा पहिलं पान घरी भरा. वहिनींना समोर बसवा, दुकानाची वेळ टाळा, फोन बाजूला ठेवा. "आमचं काय चुकलं?" एवढंच विचारा आणि त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. त्या बोलत असताना मधे बोलू नका, पक्षाची बाजू मांडू नका. पहिल्या दिवशी त्या "काही नाही" म्हणतील. दुसऱ्या दिवशी परत विचारा.

तुमची,
ताई